न झिजलेलं पेडल

बत्तीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी दातांचा दवाखाना आवरला, खुर्ची एका नव्या डॉक्टरला देऊन टाकली आणि तिसऱ्याच आठवड्यात एक जुनी मोटार घरी आणली. आणली म्हणजे ओढून आणली. एका पिठाच्या गिरणीमागच्या शेडमध्ये ती कित्येक वर्षं उभी होती. टपावर पिठाचा थर बसून बसून त्याचं कवच झालं होतं, मागच्या सीटमध्ये उंदरांच्या पिढ्या नांदून गेल्या होत्या आणि चारी चाकांतली हवा कधीच गेली होती. पण घाट बघत राहावा असा. गोल टप, फुगीर गाल आणि समोर दोन मोठाले दिवे. कुणीतरी मागून हाक मारावी आणि तिनं दचकून बघावं, तसा चेहरा.

"हिचं करायचं काय?" यजमानांनी विचारलं. आपली स्कूटर आता गॅरेजमधून उघड्यावर येणार, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"उघडून बघायची."

"आणि मग?"

"मग परत जोडायची. चालली तर चालवायची."

यजमानांनी पुढे काही विचारलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला कुठे थांबायचं ते कळतं.

बाईंना गाड्यांमधलं ओ का ठो कळत नव्हतं, पण बिघडलेल्या वस्तूपुढे वाकून तासन्‌तास बसायची सवय होती. दवाखान्यातली हत्यारं त्यांनी नव्या डॉक्टरला दिली नव्हती, ती आता कामाला आली. कीड कोरायच्या आकड्यांनी त्यांनी कार्ब्युरेटरची बारीक भोकं साफ केली. दाढेमागचं बघायचा चिमुकला आरसा डॅशबोर्डच्या मागे घालून कुठली वायर कुठे जाते ते पाहिलं. जड कामाला आठवड्यातून दोनदा, दुपारी, एक म्हातारे मिस्त्री यायचे. आयुष्यभर गॅरेजमध्ये काढलेला माणूस. तोंडानं फटकळ, पण हात असा हलका की गंजलेला नटसुद्धा त्यांच्या पान्याला फार आढेवेढे न घेता सुटायचा.

तिसरी मेंबर म्हणजे वन्सं, यजमानांची धाकटी बहीण. त्या यांच्याकडेच राहायच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी करून निवृत्त झालेल्या, आवाज अजूनही तसाच खणखणीत. गाडीबरोबर मिळालेलं जीर्ण माहितीपुस्तक घेऊन त्या गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि मोठ्यानं वाचायच्या. "नट क्रमांक सात सैल करा. सैल केला का? होल्ड करा."

असे चार महिने गेले. इंजिन खाली उतरलं, साफ झालं, परत चढलं. एका शनिवारी ते खोकत, शिंकत, काळा धूर ओकत सुरूही झालं. मिस्त्रींनी डोळ्यांत तेल उडाल्याचं सांगून बराच वेळ रुमाल डोळ्यांना लावून ठेवला.

आणि मग बाईंनी पेडलं साफ करायला घेतली.

काम अगदी किरकोळ. तीन पेडलं, त्यांच्यावर रबराच्या टोप्या. बाई चटईवर आडव्या झाल्या, डोक्याला दिवा बांधला आणि जुन्या टूथब्रशनं घासू लागल्या. ॲक्सिलरेटर पार गुळगुळीत झालेला. ब्रेकचं रबर इतकं झिजलेलं की एका कोपऱ्यात आतलं लोखंड दिसत होतं. क्लचच्या पेडलावर मात्र ब्रश टेकवताच त्या थबकल्या. रबरावरच्या रेघा नव्यासारख्या उभ्या होत्या. कडा धारदार.

बाईंनी परत ब्रेक बघितला. परत क्लच बघितला.

आता बाकी काही नाही, पण झीज या गोष्टीत बाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. दाढांकडे एक नजर टाकून हा माणूस कुठल्या बाजूनं चावतो, झोपेत दात खातो का, पेन्सिल चावायची सवय आहे का, हे त्या सांगत. झिजलेल्या जागेपेक्षा न झिजलेली जागा जास्त बोलते, असं त्यांचं मत होतं.

"मिस्त्री, या गाडीत क्लच न दाबता गियर पडतो का?"

"पडतो की," बॉनेटखालून उत्तर आलं. "एकदा पडतो. मग गियरबॉक्स पडतो."

"मग क्लचचं रबर नवं कसं?"

"बदललं असेल कुणीतरी."

"तिन्हींवर एकच छाप आहे. एकाच वेळी घातलेली आहेत."

मिस्त्री आले, वाकले, अंगठा फिरवला. मग म्हणाले, "डॉक्टर, पाहिजे तर मी आणतो नवी तिन्ही. जिवाला कशाला घोर?"

पण आता बाईंच्या डोक्यात किडा शिरला होता. मीटरवर तर गाडी भरपूर पळाल्याचे आकडे होते. म्हणजे कुणीतरी ही मोटार वर्षानुवर्षं चालवली, हजारो वेळा ब्रेक दाबला आणि क्लचला पाय लावलाच नाही. तो भला माणूस गियर टाकत होता तरी कसा?

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढचा सगळा गालिचा उपटला. खाली गंज होता, पीठ होतं, एक मेलेली पाल होती. आणि ड्रायव्हरच्या सीटच्या बाजूला, दाराकडे, जमिनीच्या पत्र्याला चार भोकं होती. गंजानं पडलेली नव्हेत. मोजून मापून पाडलेली, चौकोनात बसवलेली, प्रत्येकात पितळेची बारीक कडी. पत्र्याची धार कशाला तरी कापू नये म्हणून कुणीतरी जिवापाड काळजी घेतली होती. गाडीखाली शिरून बघितलं तर तिथून एक पोकळ नळी क्लचपर्यंत गेलेली. आत काही नाही.

"या नळीचं नाव पुस्तकात नाही," वन्संनी दोनदा चाळून जाहीर केलं.

तर्कांना ऊत आला. मिस्त्री म्हणाले, बंदूक ठेवायची जागा असेल. यजमान चहा घेऊन आले होते, ते म्हणाले छत्री. वन्संना तो टेलिफोन वाटला. बाई दाराशी वाकल्या. त्यांनी दाराच्या आतल्या बाजूवरून बोटं फिरवली. त्या भोकांच्या वर, कोपर येईल अशा उंचीवर, दाराचं कातडं घासून घासून मऊ झालेलं होतं.

"हातानं," त्या म्हणाल्या. "इथं दांडा होता. क्लच हातानं ओढायचा. ज्यानं ही चालवली, त्याचा डावा पाय चालत नव्हता."

गॅरेजमध्ये क्षणभर सगळेच आपापल्या डाव्या पायाकडे बघत राहिले.

पुढचं काम वन्संचं. कुणाचा माग काढायचा म्हटलं की त्यांच्या अंगात वारं संचारायचं. त्यांनी आधी गिरणीवाल्याला फोन लावला. त्याच्याकडून कळलं की गाडी त्याच्या वडिलांनी घेतली, मुलीच्या लग्नात मिरवली, आणि महिनाभरात इंजिन जाम झालं ते झालंच. घेतली कुणाकडून? तर एका टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्याकडून. नाव आठवत नाही, दुकान बसस्टँडच्या मागच्या गल्लीत.

"टाइपरायटरवाले!" वन्संनी फोन ठेवत टाळी वाजवली. "एक्स्चेंजमधली मशीनं तेच बघायचे. बारीक चणीचे, चष्मा कपाळावर. पण लंगडताना मी त्यांना कधी पाहिलं नाही गं, वहिनी."

"तुम्ही त्यांचे पाय कशाला बघताय, वन्सं."

"तेही खरंच."

दोन दिवस, अकरा फोन. दुकानाच्या जागी आता चष्म्यांचं दुकान होतं, चष्मेवाल्याला शेजारचा शिंपी ठाऊक होता, शिंप्याला टाइपरायटरवाल्यांच्या सुनेचं माहेर. शेवटी एका घरातून सून म्हणाली, "मामंजी जाऊन पुष्कळ वर्षं झाली. सासूबाई आहेत. पण चारनंतर या, आधी आलात तर त्या कुणाचं ऐकून घेत नाहीत."

बाई आणि वन्सं सव्वाचारला पोचल्या. दुसरा मजला, अरुंद जिना, दारात पायपुसणं. सासूबाई खिडकीशी आरामखुर्चीत बसल्या होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, मुठीएवढ्या, पण डोळे असे की समोरच्यानं खिसे तपासून घ्यावेत. बाईंनी त्यांना काकू म्हणायचं ठरवलं आणि सगळी हकीकत सांगितली. पेडल, भोकं, पितळेच्या कड्या, नळी. सांगता सांगता आपोआप आवाज हळू झाला. "तुमच्या यजमानांचं कौतुक वाटलं हो. अशा पायानं इतकी वर्षं..."

"कशा पायानं?"

"म्हणजे, त्यांचा डावा पाय..."

काकू सुनेकडे वळल्या. "काय म्हणतायत या?" मग एकदम खो खो हसायला लागल्या. हसताना त्यांना दम लागला, सुनेनं पाणी आणलं. "अहो, यांचे दोन्ही पाय ठणठणीत होते! एवढे की घटकाभर एका जागी ठरायचे नाहीत. गाडी यांनी चालवली फक्त आठ दिवस. तेवढ्यात दोनदा खड्ड्यात घातली. रस्त्याकडे बघायचे कुठे? दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं बघायचे!"

त्यांनी मांडीवरची शाल बाजूला केली. डावा पाय उजव्यापेक्षा निम्म्यानं बारीक होता, घोट्याशी पट्ट्यांचा बूट.

"पाच वर्षांची असताना ताप आला आणि हा गेला. गाडी मी चालवली. सोळा वर्षं."

बाईंना गाडी आठवली. सीट पुढे ओढलेली होती. तिच्या खालची पट्टी पुढच्या टोकाला चकचकीत आणि मागे गंजलेली होती. ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, माणूस बुटका असावा. माणूस! त्या मनातल्या मनात ओशाळल्या.

काकूंना आता कुणी थांबवू शकत नव्हतं. गावोगावच्या कचेऱ्यांमधून टाइपरायटर दुरुस्तीची बोलावणी यायची. मशीनं जड, बसमध्ये कंडक्टर घेईना, म्हणून ही जुनी मोटार घेतली. पेडलांची रबरं बदलून हौसेनं सजवली. आणि आठव्या दिवशी, दुसऱ्या खड्ड्यातून वर आल्यावर, नवरा रस्त्याकडेला दगडावर बसून म्हणाला, मला हे जमणार नाही, विकून टाकू. "मी म्हटलं, विकायची कशाला? मला एक दांडा करून द्या. मी चालवते. तर माझ्याकडे बघतच राहिले. मग खिशातली पट्टी काढली आणि तिथंच माझ्या हाताची लांबी मोजायला लागले."

"पण काकू," वन्संनी मध्येच विचारलं, "एका हातानं क्लच, एका हातानं गियर. मग स्टीयरिंग?"

"ते तेवढ्यात पळून जातं कुठे? गुडघा लावायचा."

"आणि तो दांडा?" बाई पुढे सरकल्या. "काय झालं त्याचं?"

"झालंय काय? आहे की. गिरणीवाला म्हणाला, हे लोढणं काढून द्या. यांनी काढलं."

त्यांनी सुनेला खूण केली. स्वयंपाकघरातून मागच्या जिन्यावर उघडणारं एक दार होतं आणि त्या दाराला आडवी खीळ म्हणून तो दांडा लावलेला होता. हातभर लांब, टोकाला बाकदार, पकडीच्या जागी काळं रबर. टाइपरायटरच्या रुळाचं रबर, काकू म्हणाल्या. त्या रबरावर चार बोटांचे चार खळगे पडले होते. इथं झीज होती. जी पेडलावर शोधली ती सगळी इथं होती.

बाईंनी तो दोन्ही हातांत धरला. मग धीर करून म्हणाल्या, "काकू, हा मला द्याल?"

"अजिबात नाही."

"नाही म्हणजे..."

"दाराला काय लावू मग? आणि तुम्हाला आज भेटले, लगेच हातातलं काढून देऊ?" काकूंनी दांडा काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. रागानं नव्हे, पण पुन्हा मागायची सोय ठेवली नाही.

जिना उतरताना वन्सं हिरमुसल्या होत्या. बाई मात्र तिसऱ्या पायरीवर थांबल्या. "वन्सं, मला दांडा नकोच आहे. मला त्याचं माप हवंय. आणि तोंडात हात घालून दात न उपटता माप घ्यायचं, हा तर माझा धंदा."

दुसऱ्या दिवशी सव्वाचारला त्या गुलाबी पावडरीचा डबा, रबराची वाटी आणि मिस्त्रींनी वाकवून दिलेला लांबट पत्रा घेऊन हजर झाल्या. कवळीसाठी हिरड्यांचं माप घेतात ते हे सामान. काकूंनी खुर्ची जवळ ओढून घेतली. बाईंनी पावडर पाण्यात घोटली, पत्र्यात ओतली, दांडा त्यात दाबला, तीन मिनिटं थांबल्या. दांडा अलगद सुटला तेव्हा त्या मऊ गुलाबी लगद्यात चारही बोटांचे खळगे जसेच्या तसे उमटले होते. काकूंनी वाकून बघितलं. मग आपली बोटं त्यावर, न टेकवता, नुसती धरून बघितली.

"यांना दाखवायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "लगेच विचारलं असतं, पावडर कुठे मिळते."

प्लास्टरचा नमुना झाला, त्यावरून एका लेथवाल्यानं पोलादी दांडा वळवून दिला, आणि मिस्त्रींनी कुरकुरत नळीतून तार ओवून तो चार भोकांवर बसवला. कुरकुर अशी की आख्खी गाडी कंपनीतल्यासारखी करत आणली आणि आता हे शेपूट कशाला. पण पितळेच्या कड्यांतून बोल्ट गपकन बसले तेव्हा त्यांनी एका कडीवर अंगठा फिरवला. "ज्यानं हे केलं ना," ते म्हणाले, "त्याला मी माझ्या गॅरेजमध्ये घेतला असता."

बाई चालवायला शिकल्या, म्हणजे शिकायला लागल्या. गाडी बेडकासारखी उड्या मारायची आणि बंद पडायची. त्यांचा डावा पाय ऐकेचना. हातानं दांडा ओढला की तोही आपोआप पेडलाकडे धावायचा. शेवटी त्यांनी तो मुडपून सीटवर स्वतःखाली घेतला, तर पाच मिनिटांत मुंग्या आल्या. वन्सं मागे बसून दर उडीला "कनेक्शन तुटलं" असं जाहीर करायच्या.

एका रविवारी सकाळी मिस्त्रींनी पेडलावर गाडी आणली आणि बाई रिक्षानं काकूंना घेऊन आल्या. बाजार समितीचं आवार त्या दिवशी बंद, मोकळं, पत्र्याच्या लांबलचक शेड आणि मध्ये सिमेंटचा चौक. काकूंनी आधी गाडीला पूर्ण फेरी मारली. काठी टेकत. दारापाशी येऊन आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "रंग हा नव्हता. पण बरा आहे."

मिस्त्रींनी दार उघडलं. काकू बसल्या, काठी बाहेर दिली, सीट पुढे ओढली, दांडा धरून एकदा ओढला आणि तोंड वाकडं केलं.

"कुणी बसवलंय हे?"

मिस्त्रींनी घसा खाकरला. "मी."

"दोन बोटं मागे झुकलाय. असा खांद्यातून ओढायला लागतो. दिवसभर ओढलात तर रात्री हात वर होणार नाही. मनगटातून यायला पाहिजे."

आपल्या कामात कुणी खोट काढली की मिस्त्री पाना फेकून निघून जातात, हे बाईंना माहीत होतं. पण मिस्त्री जमिनीवर गुडघे टेकून बसले, बोल्ट सैल केले आणि म्हणाले, "तुम्ही धरा हवा तसा, आजी. मी तिथंच आवळतो." दोनदा सैल झालं, दोनदा आवळलं. तिसऱ्यांदा काकू म्हणाल्या, "हां."

बाई शेजारच्या सीटवर बसल्या. काकूंनी चावी फिरवली. दांडा आला, गियर पडला, दांडा सुटला आणि गाडी नुसती निघाली. कधी निघाली ते कळलंच नाही. दुसरा गियर. स्टीयरिंगला खरोखरच गुडघा लागला आणि सुटला. तिसरा. शेडचे खांब एकामागून एक मागे जाऊ लागले. पहिल्या फेरीत काकूंचा जबडा घट्ट मिटलेला होता. दुसऱ्या फेरीत त्या गुणगुणत होत्या. तिसऱ्या फेरीला त्यांनी वळण घेतलं नाही, गाडी सरळ फाटकाच्या दिशेनं सोडली.

"काकू, फाटक!"

"दिसतंय मला."

फाटकाच्या अलीकडे वीतभर अंतरावर मोटार उभी राहिली. मागून मिस्त्री दोन्ही हात वर करून धावत येत होते. काकूंनी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि उजव्या हाताचा पंजा डाव्यानं दाबत बसून राहिल्या.

"काकू, एक विचारू? गाडी का विकलीत?"

"कचेऱ्यांत कॉम्प्युटर आले. बोलावणी बंद झाली." त्या फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे बघत होत्या. "जायला जागाच नाही म्हटल्यावर रिकामी गाडी कुठे नेऊ? हे म्हणायचे, उगाच फिरून येऊ. उगाच फिरायची आम्हाला सवयच नव्हती. आता वाटतं, फिरायला हवं होतं."

मग त्यांनी दार उघडलं आणि काठीसाठी हात बाहेर काढला. "चल, ऊठ तिकडून. आता तू चालव. मला घरी सोड, लांबच्या रस्त्यानं."

रस्त्यावर बाईंनी दांड्यानं गाडी अजून नेली नव्हती. पण काकू शेजारी येऊन बसल्यासुद्धा, वन्सं मागे चढल्या, आणि मिस्त्री धापा टाकत वन्संच्या शेजारी शिरले, कुणी बोलावलं नसताना. फाटक उघडलं. पहिल्या चौकात गाडीनं उडी मारली. दुसऱ्यात बंद पडली, मागच्या टेंपोनं हॉर्न वाजवला. काकूंनी मागे वळून त्याच्याकडे असं बघितलं की हॉर्न थांबला.

"पायाचं मनातून काढून टाक," त्या म्हणाल्या. "तुला पाय नाहीच. आणि इंजिन ऐक. ते सांगतं."

बाईंनी ऐकलं. गुरगुर होती, ती चढत गेली, एका जागी जराशी अडखळली.

"ओढ," काकू म्हणाल्या. "गियर. आता सोड. सावकाश, मनगटातून."

बाईंनी सोडला. मागून वन्सं "कनेक्शन" म्हणायला तोंड उघडून बसल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. गाडी दुसऱ्या गियरमध्ये पडली होती आणि चौघांपैकी कुणालाच धक्का बसला नव्हता.